मिनलच्या नाकातला अनुस्वार

माणसाच्या वाणीतला दोष कोणता आणि त्या वाणीचा देह कोणता, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. दोष असेल तर तो दूर करणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच होय. त्यात हयगय करणारा मायेच्या नावाखाली मुलाचे अहितच करतो. परंतु जे दोषासारखे दिसते ते देहाचेच अंग असेल, तर ते काढून टाकणारा हात कितीही प्रेमाचा असो, तो काहीतरी तोडीतच असतो. प्रेमाला घाईची जोड मिळाली की हा भेद नजरेआड होतो. मीरा रोडच्या शांती नगरात राहणाऱ्या सुभाष पाष्टे यांच्या घरी २००६ साली तो असाच नजरेआड झाला होता. वेळेवर ध्यानात आला, म्हणून ही हकीकत आज निवांत मनाने सांगता येते.

सुभाष पाष्टे मूळचे संगमेश्वराकडचे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा एक कारखाना होता, तेथे ते बफिंगचे काम करीत. साच्यातून निघालेल्या ओबडधोबड पातेल्यांना फिरत्या चाकावर धरून आरशासारखी चकाकी आणीत. पत्नी उर्मिला घरीच शिवणकाम करी. त्यांची एकुलती एक मुलगी मिनल सातवीपर्यंत गावी, आजीपाशी वाढली. आठवीला तिला शहरात आणले आणि जवळच्या एका मराठी शाळेत घातले.

मुलगी हुशार, डोळे बोलके. पण तिच्या बोलण्यात गावाकडचा अनुस्वार होता. 'मी' म्हणताना ती 'मीं' म्हणे, 'नाही'चे 'नाहीं' होई, 'ते'चे 'तें'. गावी सगळेच तसे बोलत. तेथे त्याकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारणच नव्हते. येथे पहिल्याच आठवड्यात बंटी नावाच्या मुलाने तिला बाकावरून मलमाची डबी पुढे केली आणि म्हणाला, "घे, छातीला चोळ. तुझी सर्दी काही जात नाही." सारा वर्ग हसला. पुढे ती डबी रोज कोणी ना कोणी पुढे करू लागले. मिनलने त्यावर एकच उपाय शोधला. तिने बोलणे सोडले.

सहामाहीच्या आधी पालकसभा झाली. वर्गशिक्षिका सद्‍भावनेनेच म्हणाल्या, "मुलगी उत्तर देत नाही. नाकातून आवाज येतो, म्हणून लाजते बहुतेक. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या ना." सुभाषरावांनी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि तिला केबिन रोडवरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी बॅटरीच्या प्रकाशात पाहिले आणि म्हणाले, "हाड जरासं डावीकडे वाकलंय. त्रास असेल तर ऑपरेशन करून टाकू." सुभाषरावांना पुढचे काही ऐकण्याची गरज वाटली नाही. हाड वाकलेले आहे, एवढे त्यांना पुरले. "त्रास आहे ना, साहेब. फार त्रास आहे," ते म्हणाले, आणि दिवाळीच्या सुट्टीतला दिवस ठरवूनच घरी परतले.

मिनललाही तेव्हा हायसे वाटले होते. हाड गेले की डबी जाईल, असा तिचा सरळ समज होता.

त्याच वर्षी त्या शाळेने एक नवे पाऊल उचलले होते. आजूबाजूला इंग्रजी शाळा वाढत होत्या आणि मुले तिकडे ओढली जात होती. तेव्हा मराठी शाळेनेही आठवीपासून संस्कृतच्या बरोबरीने फ्रेंच किंवा स्पॅनिश घेण्याची मुभा दिली. शिकवायला उत्तनच्या फिलोमिना टीचर आल्या. मराठी त्यांची घरची भाषा. फ्रेंच आणि स्पॅनिश त्यांनी कॉलेजात शिकून मिळवलेल्या. लॅटिन मात्र त्या लहानपणी चर्चच्या गायकवृंदात उभ्या राहून शिकल्या होत्या. दर शनिवारी शेवटच्या तासाला त्या फ्रेंच आणि स्पॅनिशच्या मुलांना एकत्र बसवून थोडे लॅटिन सांगत. परीक्षेत त्याला गुण नव्हते. "नदी पाहिलीत, आता ती जिथून निघाली तो डोंगर बघा," एवढेच त्यांचे म्हणणे.

मिनल संस्कृत घेईल असे सर्वांनी गृहीत धरले होते, कारण त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर पंढरीनाथ गुरुजी राहत. गिरगावातल्या एका शाळेत त्यांनी हयातभर संस्कृत शिकवले होते. निवृत्त झाल्यावर मुलाबरोबर ते शांती नगरात राहायला आले. मिनलने फ्रेंच घेतल्याचे कळले तेव्हा सुभाषराव संकोचून गुरुजींकडे गेले.

"गुरुजी, घरात गंगा असून पोरगी लांब पाणी भरायला गेली."

"असू द्या, सुभाषराव," गुरुजी म्हणाले. "सरस्वतीच्या घरी पंक्तिभेद नसतो. कुठल्याही पाटावर बसली तरी वाढणारी तीच."

मिनलचे कारण मात्र याहून साधे होते. संस्कृतच्या तासाला उभे राहून मोठ्याने म्हणून दाखवावे लागते, असे तिने ऐकले होते. फ्रेंच तर वर्गात कोणालाच येत नव्हते. जेथे सगळेच चुकणार तेथे आपल्या एकटीला कोण हसणार, असा तिचा विचार.

नवरात्र संपले, तेव्हाची गोष्ट. फिलोमिना टीचरनी फळ्यावर रोमन अक्षरांत चार शब्द लिहिले आणि त्यांचा अर्थ सांगितला : एक चांगला पांढरा पाव.

"निकेत, वाच."

निकेत उठला आणि इंग्रजीसारखे जसेच्या तसे वाचून मोकळा झाला. "अन बोन पेन ब्लँक."

मागच्या बाकावरून बंटीचा आवाज आला. "टीचर, बोन पेन म्हणजे हाडाचं दुखणं ना? मग मिनलला विचारा. तिचंच हाड काढणारेत दिवाळीत."

"आणि ब्लँक?" कोणीतरी विचारले.

"ते निकेतचं डोकं."

वर्ग हसून हसून लोळला. टीचरनी हसू ओसरू दिले. "बंटी, विनोद चांगला आहे. उच्चार वाईट आहे. बस." मग फळ्यावरच्या एका अक्षराखाली खडूने रेघ ओढून त्या म्हणाल्या, "हा न् लिहायचा, पण म्हणायचा नाही. तो आपला आवाज आधीच्या स्वराला देऊन टाकतो आणि स्वतः निघून जातो. स्वर अर्धा तोंडातून, अर्धा नाकातून. ऐका."

त्यांनी म्हणून दाखवले. मुलांनी प्रयत्न केला. कोणी 'बॉन' म्हणाले, कोणी 'बाँग'. निकेतने नाक चिमटीत धरून पाहिले आणि शेजारच्याला शिंक आली. त्या गोंधळात कोणीतरी अगदी हळू, जणू स्वतःशीच, ते चार शब्द म्हणाले : "अँ बोँ पेँ ब्लाँ."

टीचर थबकल्या. "कोण म्हणालं ते?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. निकेतने शेवटी मान वळवून मिनलकडे पाहिले.

"उभी राहा, बाळ. पुन्हा म्हण."

मिनल उठली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पण ते चार शब्द तिच्या तोंडून पुन्हा तसेच निघाले. गोल, मऊ, आणि शेवटी न् कोठेही न अडखळता.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणीं नाहीं, टीचर."

"हो, कोणीच नाही," टीचर म्हणाल्या. "तुझ्या 'नाहीं'मध्येही तेच आहे की. मी कॉलेजात दोन वर्षं आरशापुढे उभी राहून हे शिकले." आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, "आता सगळ्यांनी मिनलकडे बघा. ती म्हणेल, मागोमाग तुम्ही म्हणा."

"म्हणजे सगळ्यांनी नाकातून बोलायचं?" बंटीने विचारले.

"फ्रान्समध्ये सगळेच बोलतात."

"बाप रे. मग तिकडे ऑपरेशनं किती होत असतील," बंटी म्हणाला. पण या वेळी वर्ग मिनलला हसला नाही, बंटीला हसला. आणि मिनलही हसली. त्या शाळेत ती हसल्याचे त्या दिवशी प्रथमच कोणीतरी पाहिले.

त्या शनिवारी लॅटिनच्या तासाला टीचरनी पुन्हा पावच घेतला. "लॅटिनमध्ये याला 'पानेम्' म्हणत. नेहा, तुमच्या स्पॅनिशमध्ये काय?"

"पान," नेहा म्हणाली.

"चुना लावून?" अर्थातच बंटी.

"कात विसरलास," टीचर शांतपणे म्हणाल्या. "स्पॅनिशने न् तोंडात ठेवला : पान. फ्रेंचने तो नाकात ठेवला : पेँ. पोर्तुगीजांनीही नाकात ठेवला. ते आमच्या उत्तनच्या किनाऱ्याला आले आणि आपली भाकरी घेऊन आले. 'पाँव' म्हणत ते. आपण पाव घेतला, पण नाक त्यांच्याकडेच ठेवलं." मग त्यांनी मिनलकडे पाहिले. "काही लोकांनी ठेवलं असेल जपून. आपल्याला माहीत नसतं."

त्या दिवशी घरी परतताना मिनलच्या मनात भीती शिरली. जिना चढण्याऐवजी ती तळमजल्यावरच थांबली आणि गुरुजींच्या दारात उभी राहिली. गुरुजी खिडकीपाशी चहा घेत होते.

"गुरुजी, एक विचारूं?"

"ये, बस. विचार."

"नाकाचें हाड काढलें कीं आवाज बदलतो का?"

गुरुजींनी कप खाली ठेवला. "का गं? तुला तर तेच हवं होतं ना?"

"आधीं हवें होतें." तिने दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला. "आतां टीचर म्हणतात, तो आवाज वर्गांत फक्त मला येतो. सगळे माझ्या मागून म्हणतात. बंटी पण. तो गेला तर मीं पुन्हा गप्प."

"बाबांशी बोललीस?"

"कशी बोलूं? त्यांनीं रजा टाकलीय. आई म्हणते, आतां कोणीं हसणार नाहीं तुला. ती इतकी खूश आहे." मग खालच्या आवाजात, "आणि आजीशीं फोनवर बोलतांना तिला माझा आवाज ओळखूं नाहीं आला तर?"

गुरुजी तिच्याकडे वळून बसले. या मुलीचे बोलणे त्यांनी जिन्यात, दारात अनेकदा ऐकले होते. पण ऐकणे आणि कान देणे यांत अंतर असते. आता त्यांचे कान तिच्या शब्दांच्या शेवटांवर होते. आधीं, आतां, विचारूं, हवें होतें. बाजूला पडलेल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यांनी पेन्सिलीने दोन शब्द लिहिले आणि तिच्यापुढे सरकवले : 'हवें होतें'.

"मी तुझ्याएवढा होतो तेव्हा मराठी असं लिहावं लागे. या डोक्यावरच्या टिंबांसाठी आम्ही छड्या खाल्ल्या. पुढे नियम बदलला, टिंबं गेली. कोणी म्हटलं, बरं झालं. उच्चारात नाही ते लिहायचं कशाला? मलाही ते पटलं होतं." ते मंद हसले. "उच्चारात नाही म्हणणाऱ्यांनी तुझ्या आजीला विचारलं नव्हतं."

"म्हणजे मीं चुकीचें बोलत नाहीं?"

"संस्कृतात नपुंसकलिंगी शब्दांच्या शेवटी म् असतो. फलम्, दानम्. तुझ्या टीचरांच्या लॅटिनमध्येही तसाच म् असतो. तोच म् झिजत झिजत हा बिंदू झाला. तू चुकीचं बोलत नाहीस, तू जुनं बोलतेस." मग त्यांना एकाएकी काहीतरी सुचले. "बरं, 'मामा' म्हण पाहू."

"मामा."

"आता नाक घट्ट दाबून धर. पुन्हा म्हण."

तिने नाक दाबले. "बाबा." ती चकित झाली, हात काढला, पुन्हा दाबला. "बाबा. गुरुजी, मामाचा बाबा झाला."

"सर्दीने नाक चोंदलं की असंच होतं. ज्याचं नाक बंद, त्याला अनुनासिक उच्चार जमतच नाही. मुख आणि नासिका, दोन्ही वाटा मोकळ्या असल्या तरच तो होतो." ते उठून उभे राहिले, आणि गुडघ्यांची तक्रार त्यांनी त्या दिवशी ऐकून घेतली नाही. "आणि तुझं नाक बंद आहे म्हणून तुझं ऑपरेशन करायचं आहे. चल, वर जाऊ."

सुभाषराव नुकतेच कामावरून आले होते. केसांत, भुवयांवर बफिंगची राखाडी पूड होती. गुरुजींना दारात पाहून त्यांनी घाईने खुर्ची पुढे केली. गुरुजींनी मामा-बाबांची सगळी गोष्ट सांगितली. सुभाषरावांनी आदराने ऐकली, पण मान हलवली.

"गुरुजी, तुम्ही विद्वान. तुमच्यापुढे मी काय बोलणार? पण मशीनवर उभं राहून मी वर्षानुवर्षं 'ए नाकाड्या' ऐकलंय. शेठ हसायचा, हेल्पर हसायचा. मग मी जीभ घासली. पातेलं घासतो ना, तशीच. आज माझ्या बोलण्यात शोधून कोकण सापडणार नाही." त्यांनी मिनलकडे पाहिले. "तिला घासत बसायला लागू नये, म्हणून हे करतोय. दुसरं काय?"

बापाच्या या बोलण्यात हट्ट नव्हता. जुनी जखम होती, आणि ती मुलीला होऊ नये अशी तळमळ होती. अशा माणसापुढे शास्त्र हळू बोलते.

इतक्यात मोबाईल वाजला. गावाहून सुभाषरावांच्या आईचा, सरूबाईंचा होता; दुकानातल्या फोनवरून त्या दर शनिवारी नातीची विचारपूस करीत. सुभाषरावांनी फोन कानाला लावला.

"हां आये, बोल. … नाहीं, नाहीं, तें दिवाळींत. … तूं कशाला घाबरतेस? मीं आहें ना. … हो, सांगतों तिला. तूं जेवलीस का?"

फोन ठेवून ते वळले. मिनल बापाकडे टक लावून पाहत होती. गुरुजींनी नजर छताकडे लावली होती. शिवणयंत्रामागून उर्मिलाबाई म्हणाल्या, "अहो, पॉलिश उडालं."

"काय?"

"तुमचं कोकण सापडलं म्हणते. सगळंच्या सगळं."

सुभाषराव ओशाळले. मग त्यांना हसू आले, आणि हसता हसता ते खाटेच्या कडेवर बसले.

"मला कळलंसुद्धा नाही," ते म्हणाले.

"आपणही दिवाळीत भरती होता का, सुभाषराव?" गुरुजींनी विचारले. "दोन खाटा शेजारी शेजारी मिळतात का बघू."

"बाबा," मिनल म्हणाली. ती बापाशी इतके दिवस मान खाली घालून बोलत असे. आता सरळ पाहत होती. "मला तें ऑपरेशन नको. कोणीं हसलें तरी चालेल. आजीसारखें बोलायचें मला."

सुभाषरावांनी तिच्याकडे पाहिले, मग हातातल्या फोनकडे. बराच वेळ ते हाताला लागलेली पूड अंगठ्याने पुसत राहिले. "डॉक्टरांचा शब्द आहे, बाळा. हाड वाकडं आहे म्हणालेत ते. उद्या श्वासाला काही झालं तर?" मग गुरुजींना म्हणाले, "सोमवारी पुन्हा विचारू. तुम्ही याल?"

गुरुजी म्हणाले, "न येऊन कसं चालेल?"

सोमवारी संध्याकाळी चौघे केबिन रोडला गेले. या वेळी गर्दी कमी होती. डॉक्टर तरुण होते, पण आज घाईत नव्हते. त्यांनी कागद पाहिला आणि विचारले, "श्वास अडतो का हिचा?"

"नाही," उर्मिलाबाई म्हणाल्या.

"रात्री घोरते? तोंड उघडं टाकून झोपते?"

"नाही हो. अजिबात नाही."

"डोकं दुखतं? सर्दी जात नाही?"

"सर्दी नाहींच," मिनल म्हणाली. "ती बंटीची डबी होती."

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "मग मागच्या वेळी तुम्ही फार त्रास आहे म्हणालात, तो कसला?"

सुभाषराव म्हणाले, "साहेब, ती नाकातून बोलते."

डॉक्टर म्हणाले, "मला वाटलं, श्वासाचा त्रास आहे. मी अजून दोन प्रश्न विचारायला हवे होते."

"एक प्रश्न मी विचारू का?" गुरुजी म्हणाले. "नाक हाडाने अडलं असेल, तर नाकातला आवाज वाढेल की घटेल?"

"घटेल," डॉक्टर म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. "अर्थात घटेल. सर्दीत होतो तसा."

"मामाचा बाबा होईल," मिनल म्हणाली.

"बरोबर. तोंड उघड बघू." त्यांनी बॅटरीने तिचा टाळू नीट पाहिला, 'आ' म्हणायला लावले. "टाळू उत्तम आहे. आता एक साधी गोष्ट दाखवतो." त्यांनी ट्रेमधून एक चकचकीत स्टीलची पट्टी काढली आणि मिनलच्या नाकाखाली आडवी धरली. "तोंड मिटून श्वास सोड."

थंड पट्टीवर वाफेचे दोन डाग उमटले. डॉक्टर काही सांगणार, तोच सुभाषराव पुढे वाकले. पॉलिश तपासताना भांड्यावर तोंडाची वाफ सोडून पाहणे हे त्यांच्या रोजच्या सवयीचे. ते दोन डाग कसे पसरतात, कसे विरतात, हे त्यांनी डोळे बारीक करून पाहिले. पट्टी पुन्हा धरायला लावली, पुन्हा पाहिले.

"दोन्ही सारखे आहेत," ते म्हणाले.

"अगदी सारखे. हाड थोडं वाकडं आहे, ते खरं. तसं बहुतेकांचं असतं, माझंही आहे. पण वाट दोन्हीकडे मोकळी आहे. मोकळ्या नाकाला मी आणखी मोकळं काय करणार?" डॉक्टरांनी कागदावर एक आडवी रेघ मारली. "ऑपरेशनची गरज नाही. बोलू द्या तिला."

उर्मिलाबाई भिंतीपाशी ठेवलेल्या बाकावर बसल्या. इतक्या दिवसांत त्या एकदाही घाबरल्याचे कोणाला दिसले नव्हते. आता मात्र त्यांनी मिनलला ओढून आपल्याशेजारी बसवले. "बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा, "बरं झालं गं बाई." भूल देणार हे ऐकल्यापासून त्यांनी रोज देवापुढे काय मागितले होते, ते त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. सुभाषराव पट्टीकडेच पाहत होते.

"पॉलिश चांगलं आहे हां, साहेब," ते म्हणाले.

बाहेर पडले तेव्हा केबिन रोडवर दिवाळीची दुकाने लागली होती. कंदील, पणत्या, रांगोळीचे ढीग. वाटेत एक बेकरी होती. उर्मिलाबाई म्हणाल्या, "पाव घेऊ या. आज चुलीपाशी उभं राहायचं बळ नाही माझ्यात." मिनल पुढे झाली. एरवी ती दुकानदाराशी बोलत नसे. आईच्या मागे उभी राही. आज तिने काचेवर हात ठेवला आणि शनिवारचा तास मनात ताजा असल्याने, अगदी पोर्तुगीजांच्या थाटात म्हणाली, "भैया, दो पाँव देना."

दुकानदाराने काउंटरवरून वाकून खाली पाहिले. "बेटा, दो पाँव तो तेरे पास हैं. और दो लेके क्या करेगी? गाय बनेगी?"

मिनल क्षणभर गोंधळली. मग तिला उमगले, आणि ती खळखळून हसली. काचेला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सुभाषराव आणि उर्मिलाबाई एकमेकांकडे पाहू लागले. गुरुजींनी त्यांना पाँव आणि पाव यांतला फरक समजावून सांगितला, आणि मग दुकानदारालाही हिंदीत समजावला. दुकानदार म्हणाला, "अच्छा? मतलब असली नाम यही बोल रही है?" आणि त्याने पावांच्या पिशवीत एक नानकटाई वर टाकली.

घराच्या वाटेवर सुभाषरावांनी पावांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग एकाएकी म्हणाले, "मिनल, तें काय तें, फ्रेंच. म्हणून दाखव की."

"अँ बोँ पेँ ब्लाँ."

"म्हणजे?"

"एक चांगला पांढरा पाव."

"बोँ," सुभाषरावांनी म्हणून पाहिले. तो शब्द त्यांच्या तोंडून असा सहज निघाला की गुरुजी चालता चालता थांबले. बापाची जीभ इतकी घासली गेली होती. तरी खाली जे होते ते जसेच्या तसे होते.

दिवाळीनंतर शाळा उघडली, तेव्हा मिनल बोलत होती. बंटीची डबी अजून दप्तरात होती, पण आता ती पुढे करण्यापेक्षा त्याला 'ब्लाँ'चा उच्चार विचारण्याची गरज जास्त होती. आणि शनिवारी सरूबाईंचा फोन आला की सुभाषरावांच्या घरी कोणीही आवाज बदलत नसे.

त्या मुलीच्या वाणीवरचे ते छोटे बिंदू तिच्याबरोबर मोठे होवोत. ज्याने आपली जीभ झिजवून तिला सांभाळू पाहिले, त्या बापाला आपलेच शब्द परत मिळोत. आईला देवापुढे असे काही पुन्हा मागावे न लागो. उत्तनच्या त्या शिक्षिकेचे कान आणि केबिन रोडच्या त्या डॉक्टरांची रेघ, दोन्ही अशाच वेळी योग्य जागी पडोत. आणि गावातल्या म्हातारीला दर शनिवारी पलीकडून आपलाच आवाज ऐकू येत राहो.